उचल घेतली की तोंड बंद: सौदी लीगबद्दल एका प्रशिक्षकाचं उत्तर

तुझा निरोप दोनदा वाचला. जालन्यातल्या तुझ्या चौदा वर्षांखालच्या बॅचमध्ये एक मुलगा रोज सौदीतल्या अल नस्र क्लबाची पिवळी, सात नंबरची जर्सी घालून येतो. बाकीच्यांनी त्याला चिडवलं की तुझा रोनाल्डो पैशासाठी विकला गेला. तो म्हणाला, युरोपवाले काय फुकट खेळतात का? इथपर्यंत ठीक होतं. मग कुणीतरी 'तुमचा सौदी' म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मैदानावर आले. आता तू विचारतोस की सर, सरकारच्या पैशावर चालणाऱ्या लीगमध्ये खेळाडूनं जाणं चूक की बरोबर, आणि पोरांना मी काय सांगू?

उत्तर लांबेल. छत्रपती संभाजीनगरात सव्वीस वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय, आणि गेली तीन वर्षं ह्याच प्रश्नावर कधी पोरांशी, कधी पालकांशी, कधी माझ्या मलाच भांडतोय.

आधी त्या 'तुमचा' शब्दाचं बघ. लीगचं एक आठवडा थांबलं तरी चालेल, ह्याचं थांबणार नाही. आपल्या भागात हा शब्द हलका नसतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्या दिवसांच्या आठवणी अजून घराघरांत सांगितल्या जातात, आणि प्रत्येक घरातली गोष्ट वेगळी असते. माझ्या मैदानावरची निम्मी लेकरं मुस्लिम घरांतली आहेत. त्यातल्या कितीतरी घरांतला एखादा मामा नाहीतर चुलता जेद्द्याला किंवा दम्मामला एसी दुरुस्त करतो, गाडी चालवतो. त्या पैशावर बहिणींची लग्नं झालीत, घरावर स्लॅब पडलाय. त्या लेकराला सौदी म्हटलं की राजा आठवत नाही, मामा आठवतो. तेव्हा राजवटीबद्दल बोलायचं असेल तर राजवटीचं नाव घेऊन बोलायचं, हे पोरांना बसवून सांग. १२ मार्च २०२२ ला सौदी सरकारनं एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला. त्यातले ७३ सौदीच होते, सात येमेनी, एक सीरियन. ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारला गेलेला पत्रकार जमाल खशोगी, तोही सौदीच. त्या राजवटीचा सगळ्यात जास्त त्रास तिथल्याच माणसांना झालाय. त्यांच्या बाजूनं बोलणं म्हणजे कुणाच्या धर्मावर बोलणं होत नाही, आणि वर्गातल्या मुस्लिम मुलानं त्या सरकारची वकिली करायची जबाबदारीही त्याच्यावर नाही. हे त्याच्या वडिलांना तू स्वतः घरी जाऊन सांग. फोनवर नको.

आता पैशाचं. पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड हा सौदी सरकारचा गुंतवणूक निधी, आणि त्याचे अध्यक्ष स्वतः युवराज मोहम्मद बिन सलमान. ऑक्टोबर २०२१ मध्ये ह्या फंडाच्या पुढाकारानं इंग्लंडचा न्यूकॅसल युनायटेड विकत घेतला गेला, त्यात ८० टक्के हिस्सा फंडाचा. जून २०२३ मध्ये घरच्या चार मोठ्या क्लबांत, म्हणजे अल हिलाल, अल नस्र, अल इत्तिहाद आणि अल अहलीमध्ये, फंडानं प्रत्येकी ७५ टक्के हिस्सा घेतला. रोनाल्डो त्याआधीच, डिसेंबर २०२२ च्या अखेरीस अल नस्रला गेला होता. मग बेन्झेमा, कांते, माने, महरेझ, फिर्मिनो अशी रांग लागली. नेमारसाठी अल हिलालनं पॅरिसच्या पीएसजी क्लबाला सुमारे नऊ कोटी युरो मोजले. ११ डिसेंबर २०२४ ला २०३४ चा विश्वचषक सौदीला मिळाला. पैसा कशासाठी ओतला जातोय ह्याचं अर्ध उत्तर ह्या शेवटच्या तारखेत आहे.

पण तुझ्या पोरांना एक विचार. पीएसजी कुणाचा? २०११ पासून कतारच्या सरकारी पैशाचा. त्यांनीच २०१७ मध्ये नेमारला २२ कोटी २० लाख युरोंना बार्सिलोनातून उचललं. मँचेस्टर सिटी २००८ पासून अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांचा. म्हणजे नेमार एका सरकारच्या क्लबातून दुसऱ्या सरकारच्या क्लबात गेला. २०१७ मध्ये तो पॅरिसला गेला तेव्हा आमच्या मैदानाबाहेरच्या टपरीवर कुणी नीतीचा प्रश्न काढल्याचं मला आठवत नाही. रियाधला गेला तेव्हा सगळ्यांना आठवला. म्हणून पिवळ्या जर्सीतला मुलगा जे म्हणाला त्यात तथ्य आहे, ते मान्य करूनच पुढं जायचं.

आणि सरकारचा पैसा म्हणजे पाप, असंही मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याची फुटबॉलमधली सगळ्यात मोठी टीम कोणती, तर हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं त्यांनी मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. ह्याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकला. पोलीस खात्याची टीम म्हणजे सरकारी टीमच. खेळाडूला नोकरी, महिन्याला पगार आणि पायात बूट, हे सगळं सरकारकडून. रेल्वे, सैन्यदलांची सर्व्हिसेस ह्यांचंही तेच. आपल्या हॉकी संघांवर २०१८ पासून ओडिशा सरकारचं नाव आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. माझी किती पोरं क्रीडा कोट्यातल्या पाच टक्क्यांतून नोकरीला लागली, हे तू बघितलंयस. सरकारनं खेळावर पैसा घातला नसता तर मराठवाड्यातल्या गरीब पोरानं चेंडूला पाय लावून पोट भरलंच नसतं.

फरक आहे तो हिशोब मागण्यात. ओडिशानं हॉकीला किती दिले, ते कुणीही आमदार विधानसभेत विचारू शकतो. आपल्या क्रीडा संकुलाचं काम रखडलं तर तूही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू शकतोस. उत्तर उशिरा येईल, पण विचारल्याबद्दल तुला कुणी उचलून नेणार नाही. सौदीत सलमा अल शेहाब नावाच्या पीएच.डी. करणाऱ्या बाईंना ट्विटरवरच्या लिखाणासाठी २०२२ मध्ये अपिलात ३४ वर्षांची शिक्षा सुनावली होती. पुढं ती कमी झाली. पण ज्या देशात एवढ्यावर माणूस आत जातो, तिथं फंडाच्या पैशाबद्दल प्रश्न कोण विचारणार?

आता मी ह्या प्रश्नाकडं कुठून बघतो, ते सांगतो. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तू तेव्हा बारावीत होतास. धारूर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडं होता, डाव्या पायाचा, लेफ्ट बॅक. आई-बाप दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. मुलगा इथं हॉस्टेलवर. एका परराज्यातल्या क्लबानं ट्रायलमध्ये त्याला निवडलं, महिना पंधरा हजार आणि राहणं-खाणं. आम्ही पेढे वाटले. पहिले दोन महिने पगार आला, पुढचे चार महिने एक रुपया नाही. करारावर सही झालेली, पण प्रत क्लबाकडंच. रजिस्ट्रेशनसाठी म्हणून दहावीचं मूळ प्रमाणपत्र घेऊन ठेवलेलं. दुसरीकडं खेळायचं तर क्लबाची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला पाहिजे, आणि एनओसी हवी तर 'माझी सगळी रक्कम मिळाली' अशा कागदावर सही कर. मी त्याच्या वडिलांना घेऊन तिथं गेलो. दोन दिवसांचा प्रवास. ऑफिसच्या बाहेर बाकावर तीन तास बसलो. तेव्हा तो माणूस मला म्हणाला, "सर, ही तर उचलच झाली की. उचल घेतली की माणसाचं तोंड बंद."

मुकादम हंगामाआधी जोडप्याला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. भाव कमी मिळाला तर बोलता येत नाही, बाई आजारी पडली तर बोलता येत नाही. पैसा किती हा प्रश्नच नसतो, तो कमीच असतो. निघून येता येत नाही आणि बोलता येत नाही, हे खरं दुखणं. मुलानं शेवटी त्या कागदावर सही केली. आम्ही प्रमाणपत्र घेऊन परत आलो, पैसे न घेता. पुढं तो पोलीस भरतीत लागला, आज त्याचं बरं चाललंय. पण त्या दिवसापासून कुठलाही करार समोर आला की पगाराच्या आकड्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. पोराला नको वाटलं तर निघून येता येईल का? आणि काही चुकीचं दिसलं तर बोलता येईल का? तूही हेच विचारत जा. आणि कराराची प्रत हातात आल्याशिवाय सही करू देऊ नकोस. प्रत नसली की फुटबॉल महासंघाच्या, खेळाडू-क्लबांचे वाद बघणाऱ्या प्लेयर स्टेटस कमिटीकडं जाऊनही पोराच्या हातात दाखवायला काही उरत नाही, हे मी अंगावर घेऊन शिकलोय.

ह्याच दोन प्रश्नांनी आखाती लीगकडं बघ.

निघून येण्याचं म्हणशील तर झाहिर बेलूनीस हे नाव लक्षात ठेव. फ्रेंच-अल्जेरियन खेळाडू, कतारच्या एल जैश क्लबाशी करार. पगार थकला म्हणून तो कोर्टात गेला, तर त्याला देश सोडायचा परवानाच मिळेना. कफाला पद्धतीत मालकाच्या संमतीशिवाय विमानात बसता येत नव्हतं. बायको आणि दोन लहान मुली सोबत. दीड वर्षाहून जास्त काळ तो तिथं अडकला आणि नोव्हेंबर २०१३ च्या शेवटी फ्रान्सला परतला. व्यावसायिक फुटबॉलपटू होता तो, युरोपचा पासपोर्ट असलेला. ज्याच्याकडं तेही नाही त्या वीटकाम करणाऱ्या माणसाचं काय होत असेल, ते आपल्या फडावरच्या माणसाला लगेच कळतं. कतारनं नंतर कायदे बदलले. सौदीनंही मार्च २०२१ पासून कफालाचे काही नियम सैल केले, पण घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्यातून वगळले होते. म्हणजे आपल्या पोरांचे गाडी चालवणारे मामा.

रोनाल्डोला कुणी अडकवून ठेवणार नाही, हे उघड आहे. लिव्हरपूलचा माजी कर्णधार हेंडरसन सौदीच्या क्लबातून सहा महिन्यांत निघून आला. मोठ्या खेळाडूच्या बाबतीत पहिला प्रश्न सुटतो. दुसरा सुटत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे.

मेस्सी सौदीच्या कुठल्याच क्लबात गेला नाही, तो मायामीला गेला. तरी तो सौदी पर्यटनाचा राजदूत होता. त्या कराराचा मसुदा न्यूयॉर्क टाइम्सनं २०२३ मध्ये छापला. तीन वर्षांत जास्तीत जास्त सव्वादोन कोटी युरो, आणि त्यात एक अट अशी की देशाच्या प्रतिमेला डाग लागेल असं काही बोलायचं नाही. ही उचलच नाही का? ऊसतोड माणूस उचल घेतो ती चूल पेटावी म्हणून. मेस्सीच्या घरी कसली चूल अडली होती?

खेळाडूचं तोंड इतकं महागाचं का असतं, ते तुला एका गोष्टीतून सांगतो. हकीम अल अराईबी हा बहरीनचा खेळाडू. सरकारच्या जाचातून पळून ऑस्ट्रेलियात निर्वासित झाला, मेलबर्नच्या एका छोट्या क्लबात खेळायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये बायकोबरोबर बँकॉकला गेला, तर बहरीनच्या सांगण्यावरून थायलंडनं त्याला विमानतळावरच धरलं आणि तुरुंगात टाकलं. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार क्रेग फॉस्टर उठला. टीव्हीवर, फिफाच्या दारात, जिथं जमेल तिथं बोलत राहिला, आणि देशोदेशीचे खेळाडू बोलू लागले. ११ फेब्रुवारी २०१९ ला हकीम सुटला. एका निवृत्त मिडफिल्डरच्या आवाजानं एक माणूस तुरुंगातून बाहेर आला! आता विचार कर, रोनाल्डोनं एका वाक्यात एखाद्या कैद्याचं नाव घेतलं तर काय होईल? तो घेणार नाही. घेणार नाही ह्याचेच पैसे आहेत. मैदानावरच्या गोलांसाठी एवढे पैसे चाळिशीकडं झुकलेल्या खेळाडूला जगात कुणी देत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एका काट्यात तोलत नाही. जॉर्डन हेंडरसनवर माझा राग आहे, आणि तो पैशामुळं नाही. लिव्हरपूलचा कर्णधार असताना तो समलिंगी प्रेक्षकांच्या बाजूनं जाहीर उभा राहिला होता, त्यांचा पट्टा दंडावर बांधून खेळला होता. त्या माणसांनी त्याच्यावर विश्वास टाकला. जुलै २०२३ मध्ये तो दम्मामच्या अल इत्तिफाकला गेला, जिथं असे संबंध हा गुन्हा आहे. क्लबानं त्याच्या स्वागताला जे टाकलं त्यात त्याच्या जुन्या फोटोतला इंद्रधनुषी पट्टा रंग काढून करडा केलेला होता. पुढं एका मुलाखतीत त्यानं माफी मागितली. ऑक्टोबरमध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडच्याच काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, जानेवारीत तो नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला. ज्यानं कधी शब्दच दिला नव्हता, त्यानं गप्प बसणं वेगळं. ज्यानं शब्द दिला होता, त्यानं गप्प बसणं वेगळं. आपल्याकडंही हेच मोजतात. गावातला सावकाराचा माणूस सावकाराच्या बाजूनं बोलला तर कुणी दचकत नाही. मोर्चाच्या पुढं चालणारा बोलला तर गाव विसरत नाही.

उलट सेनेगल, अल्जेरिया, आयव्हरी कोस्टच्या खेळाडूंचं मला वेगळं वाटतं. माने, महरेझ तिशी ओलांडून गेले. युरोपच्या क्लबांनी त्यांच्याकडून हवं ते घेऊन झालं होतं. मानेनं आपल्या बांबाली गावात दवाखाना आणि शाळा बांधली, ती सौदीला जाण्याच्या आधीच. त्याच्या घरातलं पहिलं पक्कं छत फुटबॉलनं घातलं असेल, तर शेवटच्या दोन-चार वर्षांच्या पगारासाठी त्याला विकाऊ म्हणायला माझी जीभ वळत नाही. शिवाय मुसलमान खेळाडूला मक्केजवळ राहावंसं वाटलं, तर ते कारणही खरंच असतं. सगळीकडं पैसाच शोधायचा नाही.

गाब्री वेगाचं मात्र मला वाईट वाटलं. एकविसाव्या वर्षी स्पेनच्या सेल्टा व्हिगोमधून अल अहलीला गेला, तेव्हा रेआल माद्रिदच्या टोनी क्रूसनं त्यावर 'लाजिरवाणं' असं लिहिलं. पुढं जानेवारी २०२४ मध्ये क्रूस सामना खेळायला रियाधला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचा चेंडूला पाय लागला की ओरडून ओरडून हिशोब चुकता केला. क्रूस खरं बोलला, हे मी मानतो. पण तो रियाधमध्ये काय करत होता? स्पॅनिश सुपर कप खेळत होता. तो कप २०२० पासून, २०२१ चा अपवाद सोडला तर, सौदीत होतो, कारण स्पेनच्या महासंघानं तो तिथं विकला. म्हणजे पोरानं पैसे घेतले तर लाजिरवाणं, महासंघानं घेतले तर वेळापत्रक!

हा माझा दुसरा राग. आपण खेळाडूवर बोट रोखतो आणि विकणाऱ्याला सोडून देतो. लिव्हरपूलनं फाबिन्यो आणि हेंडरसन दिले, चेल्सीनं मेंडी आणि कुलिबाली दिले, आणि पैसे मोजून घेतले. सालाहसाठी अल इत्तिहादनं १५ कोटी पौंड सांगितले तेव्हा लिव्हरपूलनं नाही म्हटलं, कारण सालाह त्यांना हवा होता. नकोसा असता तर? आणि आपणही कोरडे नाही रे. २०२३ च्या संतोष ट्रॉफीची उपांत्य आणि अंतिम फेरी कुठं झाली, आठवतं का? रियाधच्या किंग फहद स्टेडियमवर. ४ मार्चला कर्नाटकानं मेघालयाला ३-२ हरवलं. आपली राष्ट्रीय स्पर्धा, बंगालपासून केरळपर्यंतच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोरांची, आणि अंतिम सामना बघायला त्यांचे आई-बाप जाऊ शकत नाहीत अशा ठिकाणी. त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. २०२४ च्या नोव्हेंबरात आयपीएलचा लिलाव जेद्द्याला झाला, तेव्हा आपण सगळे ऋषभ पंतचे २७ कोटी मोजत बसलो होतो. मीसुद्धा टीव्हीसमोर होतो.

'पैशासाठी गेला' ही शिवीही जुनी आहे. १९५० मध्ये इंग्लंडचा सेंटर हाफ नील फ्रँकलिन विश्वचषक सोडून कोलंबियाच्या सांता फे क्लबाकडं गेला. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला १२ पौंडांच्या वर पगार द्यायला बंदी होती, भरलेलं स्टेडियम मालकाच्या खिशात. तो दोनेक महिन्यांत परत आला, बंदी भोगली, इंग्लंडसाठी पुन्हा कधी खेळला नाही. अकरा वर्षांनी ती पगाराची मर्यादाच उठली. फ्रँकलिनला तेव्हा गद्दार म्हणणारे मालकांचंच काम करत होते. म्हणून पोरांना 'पैशासाठी' ह्या शब्दावर अडकू देऊ नकोस. पगार मागणं हा खेळाडूचा हक्क आहे, हे आपल्या पोरांना तर जास्तच कळायला हवं. जुलै २०२५ मध्ये आपली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल स्थगित झाली, तेव्हा कितीतरी भारतीय खेळाडूंना पुढचा पगार कधी ते माहीत नव्हतं.

प्रशिक्षक म्हणून मला आणखी एक गोष्ट खुपते, ती फार कुणी बोलत नाही. एकाच लीगमधले चार सगळ्यात मोठे क्लब एकाच मालकाकडं गेले. आपल्या जिल्हा स्पर्धेत एका माणसाचे दोन संघ असले तरी आपण एक बाद करतो. ह्या वर्षी कोणता खेळाडू कुठल्या क्लबात, हे वरच्या मजल्यावर ठरत असेल, तर खालच्या क्लबातल्या प्रशिक्षकानं कशासाठी घाम गाळायचा? आणि घरच्या पोरांचं काय झालं बघ. २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदीनं अर्जेंटिनाला २-१ हरवलं, त्या संघातले सव्वीसच्या सव्वीस खेळाडू सौदीतल्याच क्लबांत खेळणारे होते. त्यानंतर क्लबातले परदेशी खेळाडू वाढत दहापर्यंत गेले. तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी उघड म्हणू लागले की माझी मुलं क्लबात बाकावर बसतात. सालेम अल दवसरीचा तो दुसरा गोल मी माझ्या पोरांना शंभर वेळा दाखवलाय. पुढचा दवसरी बाकावर बसला असेल तर तो पैसा सौदी फुटबॉलच्याही कामाचा नाही. चीनचं उदाहरण ताजं आहे: जिआंग्सू क्लब २०२० चा लीग विजेता झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद पडला. नळ वरून बंद झाला की खाली काही उरत नाही.

आता तुझ्या बॅचचं. जर्सी घालू दे. तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगावरून जर्सी उतरवून रियाधमधलं काही बदलत नाही, फक्त तो मुलगा मैदानावर येणं सोडेल. चिडवणाऱ्यांनाही गप्प करू नकोस. ते बोलतायत ते अर्ध बरोबर आहे. सगळ्यांना मध्यरेषेवर बसव आणि हकीमची गोष्ट सांग, बेलूनीसची सांग, हैदराबादच्या पोलिसांची सांग. मग विचार, तुम्हाला उद्या कुणी दुप्पट पैसे दिले आणि मित्राबद्दल बोलायचं नाही असं लिहून घेतलं, तर सही कराल का? त्यांची उत्तरं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. माझ्या बॅचमध्ये एकानं 'करीन' म्हटलं होतं, आणि का करीन तेही नीट सांगितलं, कारण घरी कर्ज आहे. त्याला मी चूक म्हटलं नाही.

माझ्याकडंही असाच एक पिवळ्या जर्सीवाला आहे. २२ ऑक्टोबर २०२५ ला अल नस्र मडगावला फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाशी खेळणार होता. दिवाळीचा पाडवा. सहा पोरं आणि दोन पालक घेऊन मी ट्रॅव्हल्सनं पुण्याला आणि तिथून मडगावला गेलो. निघायच्या आधीच कळलं होतं की रोनाल्डो येणार नाही. दोन वर्षांपूर्वी नवी मुंबईत अल हिलाल आला तेव्हा नेमार गुडघा फाटून घरी होता, तेव्हाही हेच झालं होतं. पोरगं रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसलं, जर्सी मात्र अंगावर होतीच. अल नस्रनं पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल केले, तो हाताची घडी घालून बसून होता. मग ४१ व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसनं गोव्याचा गोल केला आणि हा पिवळी जर्सी घातलेला पोरगा खुर्चीवर उभा राहून असा ओरडला की पुढच्या रांगेतल्या गोवेकरांनी मागं वळून बघितलं. परतीच्या गाडीत कोल्हापूर येईपर्यंत तो मला एकच विचारत होता, सर, ब्रायसन लहानपणी कुठल्या मैदानावर खेळायचा?